मुलुंड ते दहिसर, मांडीवर चरबीचा डबा

ताईचं पोस्टकार्ड आलं त्याच संध्याकाळी जायचं ठरलं. कार्डावर मजकूर एवढाच: "बाबू, रविवारी येशील तर मटणाची चरबी आण. कढवूनच आण, कच्ची टिकायची नाही." ना आशीर्वाद, ना पोराबाळांची चौकशी. त्र्याऐंशी सालचा शेवट असावा, नाहीतर चौऱ्याऐंशीची जानेवारी. थंडी होती, एवढं नक्की.

ताई म्हणजे माझी थोरली बहीण. दहिसरला नदीजवळच्या बैठ्या चाळीत राहायची. भावोजींना जाऊन सहा महिने झाले होते. दहाव्यालाच तिने मटण सोडल्याचं सांगून टाकलं, आणि मग हळूहळू बाकीचं जेवणही सुटल्यासारखंच झालं. वाटीभर पेज, लोणच्याची फोड, संपलं. आधीच्या खेपेला तिच्या पोलक्याच्या बाह्या दंडावर लोंबताना पाहिल्या होत्या. ही बाई अशी किती दिवस काढणार, हाच घोर होता. आणि तिने चरबी मागवली!

"अहो, वन्संना खावंसं वाटतंय," माझी बायको सुमन म्हणाली. "उगाच विचार करत बसू नका. खाटकाकडे जा."

खाटकाने पाव किलो मटणाबरोबर चरबी फुकटच दिली. तेव्हा ती कोण विकत घेत होतं? करून बघायची असेल तर सांगतो. बारीक तुकडे करायचे, कढईत भांडंभर पाण्यात टाकायचे आणि मंद आचेवर ठेवून द्यायचे. पाणी आटतं, चरबी सुटते, तुकडे कुरकुरीत होऊन वर येतात. आमची आई त्यात ठेचलेला लसूण, हळद आणि मीठ घालून फडक्यातून गाळायची. मीही तसंच केलं. गरम तांदळाच्या भाकरीवर चमचाभर, नाहीतर कुळथाच्या पिठीला तिची फोडणी. कोकणातल्या आमच्या घरी तूप पाहुण्याला आणि चरबी घरच्याला, असा हिशेब होता.

रविवारी सकाळी कडीचा डबा घेऊन निघालो. रेल्वेने दादरचा वळसा पडतो, म्हणून बसचा रस्ता धरला. मुलुंडहून घाटकोपर, तिथून साकीनाक्यावरून अंधेरी, मग हमरस्त्याने दहिसर. तीन बसा आणि तीन तास. आता पवईवरून सरळ जाता येतं, तुम्ही हा वेडेपणा करू नका. अंधेरीला उसळपाव मात्र जरूर खा, रस्सा दुसऱ्यांदा मागितला तर नाही म्हणत नाहीत.

घाटकोपरहून अंधेरीला जाणाऱ्या बसमध्ये माझी भंबेरी उडाली. त्या दिवसांत वनस्पती तुपात चरबी मिसळतात म्हणून पेपरांत रोज गदारोळ चालला होता. लग्नाच्या पंगतीतही लोक पुरी हुंगून खायचे. आणि मी मांडीवर चरबीचाच डबा घेऊन बसलेला! शेजारी एक गुजराती मावशी होत्या. त्यांनी डब्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"भाई, घी है?"

मी डबा जवळ ओढला. म्हटलं, "घर का है."

"अच्छा किया. बाहर का कुछ भरोसा नहीं. गाय का, भैंस का?"

आता काय सांगू? खोटं बोलवेना, खरं सांगवेना. "बकरी का," म्हणालो.

"बकरी का घी! घुटने के लिए ना? वैद्य ने बोला होगा." आणि मरोळ नाक्यापर्यंत त्यांनी मला गुडघ्याला तूप कसं चोळावं ते शिकवलं. उतरताना म्हणाल्या, "भगवान अच्छा करे." मी बावळटासारखे हात जोडले. त्या माउलीला फसवलं की नाही, हे मला आजही सांगता येत नाही.

दहिसरला पोचलो तेव्हा अकरा वाजले होते. ताईने डबा घेतला, झाकण उघडलं. थंडीने चरबी घट्ट, पिवळसर बसली होती. तिने परातीत शिळा भात घेतला, भाकरी कुस्करली आणि चरबीचा चमचा भरून त्यावर धरला. मी मनात म्हटलं, चला, भूक लागली. तर बाई परात उचलून मागच्या दाराकडे निघाली! मागे परसात पपईचं झाड आणि कमरेएवढी भिंत. भिंतीवर साळुंक्या, एक दयाळ आणि दोन कावळे येऊन बसलेले.

"ताई, हे काय?"

"त्यांच्यासाठीच मागवली. हे असताना दर रविवारी मटणातली चरबी काढून भिंतीवर ठेवायचे. सहा महिने झाले, तरी रविवार आला की येऊन बसतात, ओरडतात नि जातात."

"अगं, मला वाटलं तुला…"

"मटण मी सोडलंय. साळुंक्यांनी कुठे सोडलंय?"

तीन तास मांडीवर डबा सांभाळला तो कावळ्यांसाठी? हसू की रडू, कळेना. तेवढ्यात ती थबकली. "मीठ नाही ना घातलंस? हे आधी चाखून बघायचे. मीठ पाखरांना चालत नाही." आणि मी तोंड उघडायच्या आत तिने चमच्यातली चरबी बोटावर घेऊन जिभेला लावली.

तिने बोट पुन्हा एकदा चाटलं. भिंतीवर दयाळ शेपटी उडवत होता.

"मेल्या, मीठ कित्याक घातलंस?" चिडली की ती मालवणीत शिरायची. "आणि लसूणपण?"

"आई करायची तशी केली."

ती आत गेली. पाखरांना साधा भात टाकला. मग स्टोव्ह पेटवला, तांदळाचं पीठ मळलं, भाकऱ्या थापल्या. पहिली माझ्या ताटात टाकली, वर चमचाभर चरबी. दुसरीवरही घातली, अर्धी मोडली आणि दारात उभ्या उभ्या खाल्ली. मग उरलेली अर्धी. मी मान वर केली नाही. पाहिलं असतं तर थांबली असती, असं वाटत होतं.

"टाकायचं कुठे?" तीच म्हणाली. "अन्न आहे." मग मी निघताना डाफरली, "पुढच्या रविवारी बिनमिठाची आण. एक साधं काम सांगितलं तुला!"

संध्याकाळी घरी पोचलो तर सुमन दारातच. "वन्संनी खाल्ली?"

"खाल्ली."

"म्हणजे सोडलेलं मोडलं?"

"माहीत नाही गं. पाखरांसाठी चाखली, वाया जाऊ नये म्हणून खाल्ली. की आईची आठवण झाली? मला काही कळत नाही."

पाखरांना चरबी घालायची असेल त्यांना एवढंच सांगतो. मीठ-मसाला नको, उरलेला रस्सा तर नकोच. थंडीतच घाला, सकाळी, लिंबाएवढी. मुंबईच्या उन्हात ती वितळते आणि पिसांना चिकटते. हे मला ताईने शिकवलं आणि तिला भावोजींनी.

पुढच्या शनिवारी सुमनने दोन डबे भरले, एक बिनमिठाचा, एक मीठ-लसूण घातलेला. रविवारी पुन्हा तीन बसा करून मी दहिसर गाठलं. दोन्ही डबे ताईपुढे ठेवले आणि स्पष्ट सांगितलं, लाल झाकणाचा पाखरांचा, त्यात मीठ नाही.

"तुझा काय भरवसा," म्हणाली, आणि तिने दोन्ही डब्यांत बोट घातलं.