ज्वारीला कढत पाणी

काशीत आमच्या मंगला गौरीच्या गल्लीत आता परदेशी पाहुण्यांसाठी कॅफे निघालाय. आज तिथं अरबांची पिटा रोटी तव्यावर फुगताना पाहिली आणि त्या खरपूस वासानं सोलापूरचे एक काका आठवले.

बायकोच्या अस्थी घेऊन ते आमच्याकडे उतरले होते. बाबा त्यांचे काशीतले भटजी. विसर्जन झालं, पण दोन दिवस त्यांनी अन्नाला हात लावला नाही. पोळी, खिचडी, सगळं तसंच परत यायचं. बाबा हवालदिल झाले. शेवटी आईनं काकांच्याच गाठोड्यातलं ज्वारीचं पीठ घेतलं. ती जन्मानं बनारसची. तिनं ते कणकेसारखं गार पाण्यात मळलं आणि चक्क लाटायला घेतलं. भाकरीचे तुकडे झाले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

काका उठून चुलीपाशी आले. “ताई, आधण ठेवा. ज्वारीला कढत पाणी लागतं.” मग स्वतःच परातीत थापायला बसले. “ती अंथरुणाला खिळली, तेव्हा पडल्या पडल्या तिनंच शिकवलं मला.”

भाकरी टम्म फुगली. तिचा पापुद्रा सोलून त्यांनी तेल-मिठाशी खाल्ला. दाराआड बाबांनी केवढा मोठा सुस्कारा सोडला!

तेव्हा मला आईची लाज वाटली होती. आज वाटतं, बरं झालं बाई, तिला भाकरी येत नव्हती.