पोतंभर माल्ट आणि सात टाके

हात उगारायची सवय मला लहानपणापासून आहे. दार लाथेने उघडायचं, बंद पडलेला रेडिओ आपटायचा. सिंगापुरात बेडोकच्या फ्लॅटमध्ये घरी बिअर करायला लागलो, तेव्हा वाटलं होतं, या नादात तरी डोकं थंड राहील. तसं झालं नाही.

माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेले जव. ते भरडून गरम पाण्यात तासभर मुरवले की आतल्या पिठाची साखर होते. साखर कमी उतरली तर बिअर पाणचट. सुरुवातीला मी लागेल तेवढंच माल्ट आणायचो आणि साखर झकास उतरायची. मग एकदम पोतं आणलं, आणि त्याच दिवशी मित्र राहायला आला. तो बोटीवर इंजिनीअर. पुढची बोट मिळेपर्यंत माझ्याकडे. होस्टेलमध्ये माझा मार खाऊनही टिकलेला हा एकटाच. भरडायचं काम त्याने हौसेने घेतलं, आणि साखर निम्म्यावर आली.

मी थर्मामीटर तपासला, पाणी बदललं, तासाचे दोन तास केले. दुसऱ्या खेपेला साखर मोजायची काचेची नळी भिंतीवर फोडली. मित्राने गुपचूप काचा वेचल्या आणि पुढच्या वेळी दाणे आणखी बारीक भरडले. हातचक्की फिरवून त्याच्या तळहाताला फोड आले.

तिसऱ्या शनिवारीही तेच. मी त्याची कॉलर धरून त्याला भिंतीवर रेटलं.

"एक काम धड जमत नाही तुला. अर्धे दाणे आख्खे राहतात."

"अरे, ऐक तर. तू आधी ते दाणे..."

माझ्या हातात ढवळायचा लाकडी दांडा होता. तो त्याच्या भुवईवर बसला. रक्त पातेल्यात टपकलं, आणि खरं सांगतो, मला राग आला तो पातेलं नासल्याचा. मी पातेल्याला लाथ घातली. कढत चिकट पाणी त्याच्या पायांवर गेलं.

डॉक्टरला त्याने सांगितलं, ओल्या फरशीवर घसरलो. सात टाके पडले. पुढच्या आठवड्यात मला न उठवता तो तुआस बंदरावर गेला आणि बोटीवर चढला.

मी उरलेलं माल्ट पुन्हा पोत्यात भरून दुकानदाराच्या काउंटरवर आपटलं. म्हाताऱ्याने मूठभर दाणे शांतपणे हुंगले.

"यू फ्राय ऑलरेडी, इज इट? लाइक दॅट डेड लाह."

भाजले होतेच. इथल्या दमट हवेत रवा असो की दलिया, साठवायचं ते आधी कढईत खमंग भाजून ठेवायचं, नाहीतर पोरकिडे होतात; निघताना आईने बजावलं होतं. पोतं आलं त्या दिवशी मी थोडं थोडं करत सगळं भाजून डब्यांत भरलं. ते बिअरचं काम आहे असं मनातही आलं नाही. पिठाची साखर करणारा जिवंतपणा मीच कढईत मारला होता.

घरी आल्यावर भिंतीवर मूठ हाणली. बोटं सुजली. लाज वाटत होती, आणि लाजेचाही राग येत होता. त्याच हाताने मित्राला फोन लावला. त्याने उचलला.

"त्या दिवशी तू काय सांगत होतास?"

मागे इंजिनाची घरघर ऐकू येत होती.

"भाजल्याने बिघडतंय, हेच," तो म्हणाला. "पहिल्याच आठवड्यात नेटवर वाचलं होतं मी. सांगायची भीती वाटायची, म्हणून आणखी बारीक भरडत राहिलो."