जिलानीभाईंच्या मेसमधला रमजान

लातुरात फ्रेंच जेवण मिळतं म्हटलं की माझे नांदेडचे पाहुणे हसायचे. मी वाद न घालता त्यांना जिलानीभाईंच्या मेसमध्ये नेऊन बसवायचो.

घराणं भटाऱ्यांचं, लग्नाच्या देगी उतरवणारं. भाई मात्र मुंबईच्या एका बड्या हॉटेलात कांदे सोलायला शिरले आणि चढत चढत तिथल्या फ्रेंच वस्तादाचा उजवा हात झाले. त्या वस्तादाचं तत्त्वज्ञान त्यांनी लातुरी बोलीत आणलं. "वांगं हाय ना? मग वांग्यावानी लागू द्या. वर मसाल्याची गोधडी कशाला?" आणि सगळ्यात मोठं म्हणजे, न चाखता एक पळीही वाढायची नाही.

त्र्याण्णवला भूकंप झाला तसे भाई सुट्टी टाकून लातूरकडं आले आणि मदतछावणीत खिचडी करू लागले. लोक ताटल्या घेऊन उभे, आणि हे चमच्यावर फुंकर घालतायत.

"अवो, वाढा की!"

"थांबा, मीठ मुरू द्या."

घर पडलेल्या माणसालाही चवीनं जेवायचा हक्क आहे, यावर भाई ठाम होते. घर गेलेल्या पंचशीलाबाई तिथंच त्यांच्या हाताखाली आल्या.

भाई मुंबईला परत गेलेच नाहीत. शिकवण्यांसाठी गावोगावची पोरं लातुरात लोटली होती. भाईंनी मेस काढली, जोडीला पंचशीलाबाई. पहिल्याच दिवशी मोठ्या पांढऱ्या बशीत मधोमध बेताची भाजी बघून जळकोटचा एक पोरगा म्हणाला, "भाई, नमुना पसंत हाय. आता जेवाया वाढा." भाईंनी तत्त्वज्ञानात तेवढी दुरुस्ती केली. चव फ्रान्सची, वाढप मराठवाड्याचं.

मग रमजान आला, तोही नेमका बारावीच्या परीक्षेत. भाईंचा रोजा कडक, दिवसा जिभेवर थेंब नाही. मेस बंद ठेवली तर ऐन परीक्षेत पोरांचे हाल, चालू ठेवली तर न चाखलेलं वाढायचं. भाईंनी चमचा पंचशीलाबाईंच्या हाती दिला.

"कसं झालंय?"

"बरं हाय."

"बरं म्हंजे? सोयऱ्याच्या घरी जेवायला बसलात का, बाई? खोट काढा!"

"शिजल्या अन्नाला नावं ठिवावी वाटत न्हाईत, भाई."

"मग मला ठिवा."

बाई हळूहळू धीट झाल्या. आमटी पुळकवणी, नुसतं पाणी आहे, भात हिरमुसलाय, असं तोंडावर सांगू लागल्या. भाई खूश.

गणिताच्या पेपराच्या सकाळी भाईंनी वस्तादाच्या पद्धतीनं लोण्यातलं दुधीचं सूप केलं होतं. पोरं ताटावर बसलेली. बाईंनी चमचा तोंडाला लावला आणि मोरीकडं धावल्या.

"वाढू नका! कडू हाय."

"कडू? वास तर झकास सुटलाय."

"वासाला काय कळतंय? दुधीच कडू निघालाय. पोरं आजारी पडतील."

बाहेर पोरं ओरडत होती, "भाई, पेपर हाय!" भाईंच्या हातात चमचा, समोर पातेलं. त्यांनी चमचा खाली ठेवला. मग पातेलं उचलून मोरीत उपडं केलं. पोरं भाकरी, दही नि शेंगदाण्याची चटणी खाऊन पेपराला पळाली.

संध्याकाळी भाई रोजा सोडताना मी शेजारी होतो. म्हटलं, "भाई, नुसती जीभ टेकवून थुंकायचं होतं. एवढं पातेलं ओतण्याआधी खात्री तरी झाली असती."

भाईंनी खजुराची बी बाजूला ठेवली.

"खात्री कशाची? बाईंनी चाखलं व्हतं की."