पिंपळावरची अकरा मोहोळं

तुरीला पिवळं फूल धरलं की मी पिंपळाकडे मान वर करून बघायला लागतो. हे बारा-तेरा वर्षं चाललं आहे. आधी आवडीने बघायचो, आता भीतीने बघतो.

आम्ही शेतातच राहतो. आमच्या भागात शेतातल्या घराला आखाडा म्हणतात. पत्र्याच्या दोन खोल्या, समोर विहीर, आणि घराच्या पश्चिमेला, दीडशे फुटांवर, बांधावरचा जुना पिंपळ. त्यावर दरवर्षी आग्या माश्या येतात. दिवाळीच्या सुमारास पहिलं मोहोळ लागतं. करडई फुलली की चार-पाच होतात आणि पळसाला फुलं आली की दहाच्या आसपास जातात. गेल्या वर्षी अकरा होती. वैशाखातल्या झळा सुरू झाल्या की एकेक उठून जातं, फांदीला पांढरट मेणाची कड तेवढी राहते. पुढच्या वर्षी मोहोळ पुन्हा त्याच फांदीला, वीतभर इकडे किंवा तिकडे. कामकरी माशी वर्षभर जगत नाही, म्हणजे गेलेलीच परत येते असंही नाही. तरी फांदी चुकत नाही. हे कसं होतं ते मला अजून कळलेलं नाही.

चार वर्षांपूर्वी विहिरीवर धुणं धुताना बायकोला माशी डसली. एकच. बादली घरात आणेपर्यंत तिचे ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या आणि मग आवाज गेला. शेजाऱ्याच्या जीपमधून कळमनुरीला नेलं तेव्हा ती श्वास ओढत होती आणि तो आत जात नव्हता. डॉक्टर नंतर मला बाजूला घेऊन म्हणाले, "या वेळी वाचल्या. पुढच्या वेळी इथपर्यंत वेळ मिळेल असं धरून चालू नका." त्यांनी मांडीत इंजेक्शन कसं द्यायचं ते शिकवलं. ते स्टीलच्या डब्यात घालून आतल्या खोलीत देवाशेजारी ठेवलं आहे. मुदत संपायच्या आत मी ते बदलतो.

लोक विचारतात, मग जाळून टाकत का नाही? एक तर पिंपळाला जाळ लावायला बायको तयार नाही. दुसरं, जाळलेल्या मोहोळाच्या उरलेल्या माश्या कित्येक दिवस त्याच जागी चवताळून फिरतात, हे मी दुसऱ्याच्या शेतात पाहिलं आहे. आणि पुढच्या दिवाळीला फांदीवर नवं मोहोळ असतंच.

गेल्या फाल्गुनात हळद काढून झाली आणि शिजवायचा बॉयलर आमच्याकडे येणार असं ठरलं. बॉयलरवाल्याची फेरी असते, दिवस आपण ठरवू शकत नाही. मला धूर पिंपळावर जाऊ द्यायचा नव्हता. म्हणून चार सकाळी मी मूठभर कुटार, म्हणजे भुसा, उडवून वारा पाहिला. चारही दिवस पश्चिमेचाच, म्हणजे झाडाकडून घराकडे. तेव्हा बॉयलर विहिरीजवळ लावायचा ठरवला. धूर घरात येईल, डोळे चुरचुरतील, पण झाडाकडे जाणार नाही.

याच दिवसांत पिंपळाच्या वर एक मोहोळघार फिरताना दिसली. लहान डोकं, लांब मान, पंख न हलवता घिरट्या. हा पक्षी मोहोळं फोडून अळ्या खातो. मी हौसेने बायकोला बाहेर बोलावून दाखवला. हिशोब मात्र धुराचाच करत राहिलो.

आमच्याकडे पहिला घाणा लागायच्या आधी घरच्या बाईने बॉयलरला हळदकुंकू लावून नारळ फोडायचा असतो. मी म्हणालो, "तू बाळापूरला बहिणीकडे जा. पूजा मजूर मावशी करतील."

"घरची हळद हाय अन् पूजा दुसरीनं करायची? काहून? मी मेले व्हय?"

"पूजा झाली की लगेच निघायचं."

"निघते म्हनलं ना. तुमी आधी ते वर बघनं सोडा."

बॉयलर लागला त्या सकाळी बॉयलरवालासुद्धा हसला. "मालक, हळद शिजवायला बलावलं का माश्या राखायला? आल्यापासून तुमचं तोंड वरच हाय."

"मालकाला मध पायजे असंल," मावशी म्हणाल्या आणि सगळ्या बाया हसल्या.

मोहोळं शांत होती. मधूनच एखाद्यावरून काळं कापड झटकल्यासारखी लाट जायची. गांधीलमाशी जवळ आली की त्या असं करतात, त्यात काळजीचं काही नसतं. मी मोजली, अकरा. वारा पश्चिमेचा. बायको ताट घेऊन बॉयलरपाशी गेली. झाकणांवर टाकायची गोणपाटं तिथेच हौदात भिजत होती.

घार मागून आली. मला ती दिसली तेव्हा तिचे पाय मोहोळात रुतले होते. पोळ्याचा एक तुकडा खाली पडला आणि झाडाचा आवाजच बदलला.

"गोणपाट घे! खाली बस!" मी ओरडलो. बाया खोलीकडे पळाल्या, बॉयलरवाला ट्रॉलीखाली शिरला. बायकोने हौदातलं गोणपाट ओढलं, डोक्यावरून घेतलं आणि बॉयलरच्या चाकाला टेकून बसली. हे मीच तिला शिकवलं होतं: पळायचं नाही, झाकून घ्यायचं, हलायचं नाही, तोंड उघडायचं नाही.

मी डब्यासाठी आत पळालो. तोवर मान, कान, हात, सगळीकडे डसल्या होत्या. डबा घेऊन दारात आलो आणि मला पिकल्या केळ्यासारखा वास आला. तो माझ्याच अंगाला येत होता. आग्या माशी डसली की नांगीबरोबर हा वास सुटतो आणि बाकीच्या त्या वासावर येतात. आता मी तिच्याकडे गेलो असतो तर माश्या माझ्याबरोबर तिथे गेल्या असत्या. पत्र्यावर त्या गारा पडल्यासारख्या आपटत होत्या.

मावशींनी मागून दार ओढलं. मी बोटभर फट ठेवायला लावली आणि फटीतून बघत राहिलो. गोणपाट हलत नव्हतं. मी शिकवलं होतं म्हणून ती हलत नव्हती, की श्वास बंद झाला म्हणून? दोन्ही लांबून सारखंच दिसतं. हाक मारली. उत्तर आलं नाही. तेही मीच शिकवलं होतं. हातात औषध होतं, ती समोर दिसत होती, आणि मी जाऊ शकत नव्हतो. एकदा पाऊल बाहेर टाकलं, तर लगेच माश्यांचा पुंजका अंगावर आला. पाऊल मागे घेतलं.

मग गोणपाटाच्या खालून एक हात बाहेर आला, बांगड्यांचा. त्याने उघडी राहिलेली कड चाचपली आणि आत ओढून घेतली. मी उंबऱ्यावर बसलो.

माश्या हळूहळू झाडाकडे वळल्या. आवाज बसला तेव्हा मी गोणपाट उचललं. ती घामाने आणि पाण्याने निथळत होती.

"कुठं डसली?"

"मला न्हाई. एक बी न्हाई." मग माझं तोंड बघून, "अगं बाई, तुमचं काय झालं हे!"

ती नांगी उपटायला पुढे आली, तशी मी ओरडून मागे सरलो. नांगीत विष उरलेलं असतं. शेवटी बॉयलरवाल्याने विळ्याच्या पाठीने खरडून काढल्या, तेवीस. तो हसत नव्हता.

"नारळ राह्यला फोडायचा," बायको म्हणाली.

"वैनी, नारळ ऱ्हाऊ द्या," तो म्हणाला. "आदी जीप बलावा."

त्या वर्षीची हळद आम्ही शेजाऱ्याच्या शेतात शिजवली. वैशाखात मोहोळं उठून गेली. फांद्यांवर अकरा पांढऱ्या कडा राहिल्या. पावसाळाभर ती विहिरीवर निर्धास्त धुणं धुवायची आणि मी तुरीकडे बघायचो.

यंदा दिवाळीच्या आधीच तुरीच्या फुलावर एक आग्या माशी दिसली. एकच. घरी आलो. बादली भरली, त्यात गोणपाट बुडवलं आणि दाराशी ठेवलं.

बायको भाकरी थापत होती. तिने बादलीकडे पाहिलं.

"आल्या?"

"आल्या."

तिने परातीतलं पीठ पुन्हा मळायला घेतलं.