मयूरच्या खोलीतला कूलर

कूलर मी बंद करायला लावला होता.

हे एक वाक्य वर्षभर तोंडात मिठाची गुळणी धरल्यासारखं धरून बसलोय. आज मयूरला जाऊन एक वर्ष झालं. आज बोललो नाही तर मी कधीच बोलणार नाही.

ज्यांना तो माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. मयूर धुळ्याचा, लग्नाचे व्हिडिओ एडिट करायचा. मी जळगावचा. आमची ओळख पीसीवाल्यांच्या ग्रुपवर झाली. जळगाव, धुळे, पाचोरा, जामनेर, जो कोणी स्वतःच्या हाताने पीसी जोडतो तो आमच्यात. ॲडमिन मी.

त्याने पहिल्यांदा बिल्डचा फोटो टाकला तेव्हा आतल्या वायरी बघून मी लिहिलं, "भाऊ, हा पीसी आहे की शेवभाजी?"

त्याचा रिप्लाय आला, "खायला ये धुळ्याला. तिखट झेपेल का पण?"

गेलो. तिखट झेपलं नाही. तो पोट धरून हसला, आणि त्याच्या आईने मला गूळ आणून दिला. अख्खी गल्ली त्यांना अक्का म्हणते, मीही म्हणायला लागलो.

पाचोऱ्याच्या एका पोराचा पीसी परीक्षेच्या तोंडावर बंद पडला, तर ह्या वेड्याने स्वतःच्या मशीनमधली रॅम काढली आणि एसटीने नेऊन दिली. स्वतः आठ दिवस रडतखडत काम केलं. असा माणूस.

आता ऐका.

आमच्या ग्रुपवर दर मे महिन्यात एक खूळ असायचं. भर दुपारी दोन वाजता पीसी पूर्ण लोडवर एक तास चालवायचा आणि टेम्परेचरचा स्क्रीनशॉट टाकायचा. ज्याचा पीसी सगळ्यात थंड, तो वर्षभराचा राजा.

नियम मी केलेले. एसी बंद. कूलर बंद. कूलरची दमट हवा बोर्डाला वाईट, आणि वर चीटिंग. पुरावा म्हणून बंद बटणाचा फोटो मला पर्सनलवर पाठवायचा.

खान्देशातला मे! कुत्रंसुद्धा दुपारी गटार सोडत नाही. आणि आम्ही शहाणे पंखा मशीनकडे फिरवून बसायचो!

मयूरची खोली वरची, पत्र्याची. हे मला माहीत होतं. मी त्या खोलीत जेवलोय.

दोन वाजता त्याने बटणाचा फोटो पाठवला. सुरू केलं.

अडीचला ग्रुपवर टाकलं, "सीपीयू ८४. मालक १०४."

आम्ही सगळे हसलो. कोणीतरी लिहिलं, "मालकाची थर्मल पेस्ट बदला." सीपीयू गार राहावा म्हणून लावतात ती.

मग त्याने लिहिलं, "डोकं जाम दुखतंय यार. मळमळतंय पण."

त्यावर मी काय लिहिलं?

"चाळीस मिनिटं झालीत. आता थांबलास तर रिझल्ट धरणार नाही."

तो म्हणाला, "थांबत नाही रे."

तीन वाजता स्क्रीनशॉट आला. सगळ्यात थंड पीसी त्याचा. आम्ही धडाधड आगीच्या इमोजी टाकल्या. त्याचा थँक्यू आला नाही, तर मीच लिहिलं, "राजाला आत्ताच माज आला वाटतं."

साडेचारला अक्का चहा घेऊन वर गेल्या. तो खुर्चीखाली पडलेला होता. अंग तव्यासारखं तापलेलं, घामाचा थेंब नाही. संध्याकाळी दवाखान्यात त्याचा जीव गेला. डॉक्टर म्हणाले, उष्माघात.

बातमी कळल्यावर मी पहिलं काम काय केलं असेल? ग्रुप उघडला आणि माझं ते "आता थांबलास तर"वालं वाक्य डिलीट फॉर एव्हरीवन केलं.

रडलो नंतर. आधी डिलीट केलं.

बाकीच्यांनी वाचलेलं होतं. कोणी काही बोललं नाही. इमोजी सगळ्यांनीच टाकल्या होत्या ना.

पण मी आज हे का लिहितोय? माझ्या मनावरचं ओझं उतरवायला नाही. ते उतरू नये.

आज वर्षश्राद्धाला धुळ्याला आलो. वाढता वाढता अक्का माझ्याशेजारी बसल्या आणि म्हणाल्या, "भाऊ, दररोज मीच कूलरमा पानी भरस. त्या रोज नही भरं व्हई. कोरडा कूलर म्हनीसनच त्यानी बंद करा. मनीच चूक शे."

वर्षभर ती बाई हे उराशी धरून जगतेय. तेराव्यालाही हेच म्हणाली होती. मी दोन्ही वेळा मान खाली घालून जेवलो.

आज तर "बस आहे" म्हणून उठलो. खोटं बोललो.

अक्का, पाणी होतं हो! त्याने पाठवलेला बटणाचा फोटो माझ्याकडे आहे. बटणाखाली पाण्याची पातळी दाखवणारा लाल काटा आहे, तो एकदम वर आहे. शेजारी तुमची ओली बादली आहे. तुम्ही काठोकाठ भरला होता. तुमच्या पोराने तो माझ्या नियमासाठी बंद केला.

आता धुळे स्टँडवर बसलोय. जळगावची बस समोर लागलीय. चढलो नाही. ही पोस्ट टाकून चालत परत अक्कांच्या घरी जातोय, म्हणजे पळून जायला वाट उरणार नाही.

वैशालीताई, तू मयूरची बहीण, भावाबद्दलची पोस्ट म्हणून तू हे वाचशीलच. आईला मलाच सांगू दे. पण अर्ध्या तासात मी दारात दिसलो नाही, तर समज की माझी पुन्हा हिंमत झाली नाही. मग तू सांग. फोटो खाली जोडलाय.

आधी त्यांना पाणी दाखव. मग माझं नाव सांग.

मयूर, भावा, तुला शेवटचा नमस्कार इथून करणार नाही. तुझ्या आईसमोर उभा राहून करीन.