वहिनींचे आठ सेकंद

आमच्या वहिनी एकतीस वर्षं नवजात बाळांच्या विभागात नर्स होत्या. दिवस भरायच्या आधीच जन्माला आलेली मूठ-मूठभर बाळं तिथे काचेच्या पेट्यांत झोपलेली असायची, आणि त्यांना एक वाईट खोड असायची. झोपेत ती श्वास घ्यायचंच विसरायची. मॉनिटर किंचाळला की वहिनी पेटीच्या गोल खिडकीतून हात घालायच्या आणि बाळाच्या तळपायाला हलकेच टिचकी मारायच्या. बाळ दचकायचं, तोंड वेंगाडायचं आणि मुकाट्याने कामाला लागायचं. अख्खं हॉस्पिटल त्यांना 'टिचकी सिस्टर' म्हणायचं.

हाताला लागलेलं वळण घरीही सुटत नसे. माझा दादा, म्हणजे वहिनींचा नवरा, दुपारी जेवून आडवा झाला की घोरायचा. घोरणं मध्येच थांबलं की वहिनी आल्याच.

"अगं, जिवंत आहे मी!"

"मग आवाज करा."

दादाने शाळेत जन्मभर भूमिती शिकवली. स्वभावाने तो थंडगार. धास्तावलेल्या आया घरी फोन करायच्या, तेव्हा तो शेजारी पेपर धरून बसलेला असायचा. वहिनी घसा खाकरून सुरू करायच्या, "घाबरू नका. तुमचं बाळ हट्टी नाही, आळशी नाही. मेंदूच्या बुडाशी, मानेच्या जरा वर एक जागा असते. रक्तात वापरलेली हवा साचली की ती जागा हुकूम सोडते, 'घे श्वास!' आपल्याला कधी आठवण ठेवावी लागते का? पण तुमचं बाळ दोन महिने लवकर आलंय. ती जागा अजून कच्ची आहे. कधी हुकूम उशिरा सुटतो, कधी सुटतच नाही. पिकेल हळूहळू. तोवर आम्ही आहोत ना."

या बाळांना औषध म्हणून कॅफीन देतात, कॉफीत असतं तेच. मेंदूतल्या त्या जागेला त्याने जाग येते. वहिनींनी हे एका बापाला समजावलं, तर तो दुसऱ्या दिवशी थर्मास घेऊन हजर. म्हणाला, "घरची आहे, सिस्टर. बाळासाठी साखर कमी घातलीय." ती कॉफी वहिनींनीच प्यायली, आणि छान झाली होती असं त्याला सांगितलं.

वहिनी निवृत्त झाल्या आणि दोनच महिन्यांनी त्यांना नात झाली. पूर्ण दिवसांची, सव्वातीन किलोची, आवाजाने खिडक्या हलवणारी. आम्ही तिला ठकी म्हणू लागलो. मी खालच्याच मजल्यावर राहतो, त्यामुळे पुढचं सगळं माझ्या डोळ्यांदेखत घडलं.

ठकी घरी आली त्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी दहाच्या सुमारास, वहिनी पलंगाशी बसून लंगोटांच्या घड्या घालत होत्या. ठकी झोपली होती. घडी घालता घालता वहिनींचा हात थांबला. ठकीने पाच-सहा श्वास भराभर घेतले आणि मग घेतलाच नाही. एक, दोन, तीन... सहा सेकंद. मग पुन्हा भराभर.

नवजात बाळं झोपेत असा श्वास घेतात, हे वहिनींनी आजवर हजारो आज्यांना सांगितलं असेल. पण त्या आज्या दुसऱ्यांच्या होत्या. वहिनींनी हातातला लंगोट टाकला आणि टिचकी मारली. ठकी अशी रडत उठली की समोरच्या इमारतीतली माणसं गॅलरीत आली.

दुपारपर्यंत अशा सात टिचक्या झाल्या. सूनबाईने तासभर थोपटून बाळ निजवायचं आणि आजीबाईंनी क्षणात उठवायचं. शेवटी ती माउली डोळे चोळत म्हणाली, "आई, तुम्ही बाळाला जगवताय की जागवताय?"

वहिनी वरमल्या, पण हटल्या नाहीत. टिचकी बंद झाली आणि वही सुरू झाली. किती वाजता थांबली, किती सेकंद, रंग कसा. सेकंदकाट्यावर त्यांचा भरवसा नव्हता, म्हणून दोन घड्याळं. तिसऱ्या दिवशी त्यांनी मलाही ड्यूटी लावली.

"भाऊजी, नुसतं छातीकडे बघायचं. पापणी लवू द्यायची नाही."

मी बघू लागलो. ठकी थांबली की मीही श्वास धरायचो. नकळत व्हायचं ते. ती सुरू झाली की मी सुटायचो. अर्ध्या तासात माझ्या डोळ्यांपुढे काजवे चमकले आणि मी खुर्चीतून घरंगळलो. शुद्धीवर आलो तर वहिनी माझा मोजा काढत होत्या.

"पुरे झालं," दादा म्हणाला. त्याने पेपर घडी करून ठेवला. "चला, दवाखान्यात."

वहिनींच्याच जुन्या विभागात गेलो. तिथली तरुण डॉक्टरीणबाई वहिनींच्या हाताखाली घडलेली. तिने ठकीला उघडं करून नीट तपासलं आणि मग वही हातात घेतली. एकोणीस पानं होती.

"सगळ्यात जास्त किती वेळ थांबली, सिस्टर?"

"आठ सेकंद."

"निळी पडली? अंग सैल सोडलं?"

"नाही. गुलाबीच होती."

"दूध?"

"ओढते की. आईला दमवते."

"मग हेच सगळं एखादी आजी तुमच्याकडे घेऊन आली असती, तर तुम्ही तिला काय सांगितलं असतंत?"

"घाबरू नका..." वहिनींनी सुरुवात केली. एकतीस वर्षं जिभेवर असलेलं भाषण, पण ते तिथेच तुटलं. डोळ्यांतून पाणी आलं. डॉक्टरीणबाईने त्यांना पाणी दिलं आणि त्या सावरेपर्यंत शेजारी बसून राहिली.

तेवढ्यात बाहेरच्या बाकड्यांकडून कोणीतरी घसा खाकरल्याचा आवाज आला. मी दारातून डोकावलो, तर दादा होता. शेजारी एक तरुण बाप बाळ छातीशी धरून पांढराफटक बसला होता, आणि दादा त्याला सांगत होता, "घाबरू नका. तुमचं बाळ हट्टी नाही, आळशी नाही. मेंदूच्या बुडाशी, मानेच्या जरा वर एक जागा असते..."

शब्द न् शब्द तोच. जिथे वहिनी थांबायच्या तिथे थांबणं, 'आठवण ठेवावी लागते का' म्हणताना भुवया उडवणं, सगळं. वर भूमितीच्या सवयीने हवेत बोटाने आकृतीही काढत होता. "भराभर श्वास घेतले की रक्तातली वापरलेली हवा कमी होते. त्या जागेला वाटतं, झालं आपलं काम, म्हणून ती जरा टेकते. हवा साचली की पुन्हा उठते. पूर्ण दिवसांच्या बाळातही सुरुवातीला असं चालतं. पाच सेकंद, दहा सेकंद. पण पंधरा सेकंद झाले की..."

"वीस!" आतून वहिनी कडाडल्या आणि डोळे पुसत दारात आल्या. "वीस सेकंद, किंवा त्याआधीच बाळ निळं पडलं, ढिलं पडलं तर. मग भाषण नको, तडक दवाखाना. चुकीचं काय सांगताय लोकांना?"

"एवढंच चुकलं ना?" दादा म्हणाला. "मग बाकीचं तू ऐक."

तो तरुण बाप एकदा दादाकडे, एकदा वहिनींकडे बघत होता. वहिनींनी त्याला विचारलं, "कळलं का तुम्हाला काही?"

"'घाबरू नका' एवढंच ऐकू आलं," तो म्हणाला. "मी घाबरलोय, म्हणून पुढचं काही ऐकू आलं नाही."

वहिनी त्याच्या शेजारी बसल्या. त्यांनी घसा खाकरला नाही. त्याच्या बाळाच्या छातीकडे बघत त्यांनी त्यालाच विचारलं, "तुम्ही काय बघितलंत?" मग तोच बोलू लागला.

घरी येताना वहिनी मला म्हणाल्या, "भाऊजी, मी एवढी भराभर बोलते?"

"दादाला विचारा," मी म्हणालो.

पुढे महिन्या-दोन महिन्यांत ठकीचा श्वास आपोआप एका लयीत आला. वही कुठे गेली ते सूनबाईला ठाऊक, पण ती सांगत नाही. आणि डॉक्टरीणबाईने वहिनींना पुन्हा बोलावून घेतलं. बाळ घेऊन घरी निघालेल्या आयाबापांशी दर मंगळवारी सकाळी बोलायला. वहिनी तिथे स्वतःची फजिती मीठमसाला लावून सांगतात. माझं घरंगळणं तर त्यांनी एवढं वाढवलंय की त्यात मी आता कपाटावर आदळतो.

मागच्या मंगळवारी मी त्यांना सोडायला गेलो होतो. एका आईने अविश्वासाने विचारलं, "एकतीस वर्षं हे काम केलेल्या तुम्ही, आठ सेकंदांना घाबरलात?"

"आठ तर नंतर झाले," वहिनी म्हणाल्या. "पहिल्या दिवशी मी सहा सेकंदांनाच गारठले होते. या, बसा. आता तुम्ही काय बघितलंत ते सांगा. सावकाश."