सत्काराची शाल

गावाबाहेरच्या विहिरीवर आज शांताबाई दिसली. काठावर तीन मुली पोटावर आडव्या पडल्या होत्या आणि जुन्या लुगड्यांना गाठी मारून केलेला दोर आत कसा सोडायचा, ते ती त्यांना शिकवत होती.

"उडी मारायची नाही. मग तुम्हीपण बुडाल. लुगडं सोडायचं आणि बुडणारीशी बोलत राहायचं."

अशाच दोराने तिने गेल्या वर्षी दोन बायांना वर काढलं होतं.

मुलींच्या पोटाखाली जरीकाठाची शाल अंथरलेली होती. मी ती लगेच ओळखली. तिच्या सत्कारासाठी दुकानात जाऊन ती मीच निवडली होती.

"शांताबाई, सत्काराची शाल मातीत?"

"तिची गाठ टिकत नाही हो दादा, सुटते. पण पोरींना खडे तरी टोचत नाहीत."

सत्काराच्या दिवशी अख्खं गाव मांडवात होतं. कुणी तिला वाघीण म्हटलं, कुणी दुर्गा. शिकायला मात्र तीनच मुली येतात, त्यातली एक तिची नात. माझी मुलगी येत नाही. एकदा एखादीला देवी केलं की आपलं नुसते हात जोडून भागतं, आणि हे आम्हाला न शिकवताच येतं.

भाषणं संपल्यावर तिच्या हातात माईक दिला होता. ती एवढंच म्हणाली, "आपल्या विहिरीला आधी कठडा बांधा."

आम्ही त्यालाही कडकडून टाळ्या वाजवल्या.